धागा: पेठेत रंगाचा वास यायला लागलाय, तुमच्याकडे काय चाललंय?

वरचा रस्ता, सातारा (धागा सुरू करणारी)

साताऱ्यात रस्ते दोनच, वरचा आणि खालचा. कागदोपत्री ते राजपथ आणि कर्मवीर पथ आहेत, पण रिक्षावाल्याला तसं सांगितलंत तर तो तुम्हाला पाहुणे समजून भाडं सांगेल. राजवाडा, मोती चौक, तिथून पोवई नाका. शाळेच्या वह्या, लग्नाचा बस्ता, बारशाचे पेढे, आईच्या चष्म्याची तुटलेली काडी, माझं सगळं ह्याच पट्ट्यात झालं.

मधली काही वर्षं ह्या पट्ट्याची रया गेली होती. आधी नाक्यावर ग्रेड सेपरेटरचं, म्हणजे भुयारी रस्त्याचं, खोदकाम. ते २०२१ मध्ये एकदाचं उरकलं तोवर करोना येऊन बसलेला, आणि करोना सरला तेव्हा लोकांना घरबसल्या खोकी मागवायची सवय लागलेली. बंद शटर, त्याच्यावर ‘भाड्याने देणे आहे’चा कागद, त्या कागदावर क्लासची जाहिरात आणि जाहिरातीवर पानाची पिचकारी.

सध्या मात्र काहीतरी वेगळं चाललंय. सकाळी फिरून येताना मी मोजायला लागले. ह्या घडीला माझ्या वाटेवर अकरा दुकानांचं काम काढलेलं आहे. दोघांच्या दारात परांची, चौघांच्या पायरीशी राडारोड्याची पोती. एकाचं जुनं सागवानी काउंटर फुटपाथवर उन्हात पडलंय आणि त्याच्या गल्ल्याच्या खणात मांजर झोपतं. कापडाच्या दुकानातून अत्तराच्या जागी टर्पेंटाइनचा वास येतो.

त्यातल्या एका दुकानानं माझी झोप उडवलीय. काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. रात्री साडेदहापर्यंत आत उजेड, करवतीचा आवाज. सुताराला विचारलं तर म्हणाला, “काकू, मालकांनी सांगू नका म्हटलंय.” माझा अंदाज, आणखी एक मोबाइलचं दुकान. पाव किलो कंदी पेढ्यांची पैज.

तर तुमच्या गावच्या मुख्य पेठेत अशा काय खुणा दिसतात ते लिहा. अनुभव स्वतःचा हवा, तक्रार असेल तर दुकानाचं वा माणसाचं नाव नको. ‘आमच्या वेळी’नं सुरू होणारं वाक्य प्रत्येकाला एकदाच वापरता येईल.


शटरवाला, सांगली

काकू, हा धागा माझ्यासाठीच काढलाय. बावीस वर्षं शटर, ग्रिल आणि एसीपीची कामं करतोय. एसीपी म्हणजे ती चकचकीत ॲल्युमिनियमची शीट, आठ बाय चारची, हल्ली प्रत्येक दुकानाच्या कपाळाला असते ती.

सगळी कामं सारखी नसतात, हे आधी सांगतो. नुसता फ्लेक्स बदलला तर त्याला मी काम म्हणत नाही, ते कपडे बदलणं झालं. एका रात्रीत होतं. एसीपी मारलं तर चार-पाच दिवस, दुकान चालू ठेवून होतं. पण फरशी उखडली की समजायचं, मालक गंभीर आहे. फरशी काढली म्हणजे दुकान महिनाभर बंद. त्या महिन्यात गिऱ्हाईक दुसरीकडं वळतं आणि त्यातलं थोडं परत येत नाही. हे माहीत असून जो फरशी उखडतो त्याला अजून दहा वर्षं तिथंच बसायचंय. तुमच्या अकरांपैकी फरश्या किती जणांनी काढल्यात ते बघा. तोच खरा आकडा.

दुसरं, वेळ. पितृपक्षात नवीन काम कुणी सुरू करत नाही आणि उद्घाटन सगळ्यांना दसऱ्यालाच पाहिजे. त्यामुळं श्रावण-भाद्रपदात आमच्याकडं वेल्डर झोपत नाहीत.

आता तुमचं पेपरवालं दुकान. ह्या तीन गोष्टी बघून सांगा. पाण्याची नवी लाइन घेतलीय का? थ्री फेजचा मीटर बसवलाय का? आणि आत चाललेल्या फळ्या किती खोल आहेत? वीतभर, हातभर की त्याहून जास्त?


वरचा रस्ता, सातारा

फरश्या पाच जणांनी काढल्यात. बाकीचं उद्या बघून सांगते. तुम्ही पोलिसात नोकरीला जायला हवं होतं.


वाशिष्ठीकाठ, चिपळूण

आमच्या पेठेचं नूतनीकरण हौसेनं झालेलं नाही, ते पाण्यानं करून घेतलं.

२२ जुलै २०२१. २००५ च्या जुलैचा पूर पाहिलेला होता, त्यामुळे वडिलांनी आदल्या रात्री खालचे दोन कप्पे रिकामे करून माल वरच्या कप्प्यांत चढवला होता. २००५ ला पाणी होतं तिथवर हिशोब. ह्या वेळी वाशिष्ठीनं तो हिशोब मानला नाही. आम्ही पोचलो तेव्हा दुकान होतं तिथे दुकानाचं नुसतं कपाळ दिसत होतं.

आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान. भिजलेली वही काय करते हे ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. ती फुगते. दोनशे पानी वह्यांचे गठ्ठे रॅकमध्ये इतके फुगले की फळ्या कमानीसारख्या वाकल्या आणि एक गठ्ठा हातानं निघेना. पहार लावून फोडून काढावे लागले. शटर चिखलानं रुळात घट्ट बसलेलं, ते गॅस कटरनं कापलं. त्यानंतर आठ दिवस फक्त चिखल. फावड्यानं ओढायचा, बादलीनं बाहेर टाकायचा. बाहेरही चिखलच. शेजारच्याचा चिखल आणि आपला चिखल असा फरक तेव्हा राहिला नव्हता.

गणपती १० सप्टेंबरला होते. पन्नास दिवस. सगळ्या पेठेला एकाच वेळी मिस्त्री, सुतार आणि इलेक्ट्रिशियन हवे होते, मग मिळणार कुठून? आमच्या शेजारच्या कापडवाल्यानं शटरविना, दारात बाकडं टाकून, उरलासुरला माल मांडला. तो आमच्या पेठेचा पहिला ‘शोरूम’. त्याला पाहून दुसऱ्यानं मांडलं, मग तिसऱ्यानं.

आज आमची पेठ बघाल तर नवी दिसते, पण ती कशी नवी आहे ते नीट बघा. प्लायवूड जवळपास गेलं. रॅक लोखंडी किंवा पत्र्याचे, काउंटर कडाप्प्याचं. विजेचे बोर्ड डोक्याच्या वर, मूल पंखा लावायला गेलं तर स्टूल लागतं. प्रत्येक दुकानात लोखंडी माळा आणि माळ्यावर जायला घडीचा जिना. खालचे रॅक आम्ही चाकांवर करून घेतले. जुलै आला की तळातले कप्पे रिकामे असतात. गिऱ्हाइकाला वाटतं माल संपला.

भिंतीवर पाण्याची रेघ होती. वडिलांनी पहिल्याच रंगात ती पुसायला लावली. म्हणाले, गिऱ्हाइकाला घाबरवायचंय का? पण सुताराला माळ्याची उंची ठरवायला ती हवी होती, म्हणून त्यानं पुसण्याआधी मीटरच्या पेटीच्या आत पेन्सिलनं खूण करून ठेवली. माळा त्या खुणेच्या वीतभर वर आहे. त्याहून वर छतच आडवं आलं.

पूररेषेचा घोर मात्र संपलेला नाही. निळ्या रेषेत आलो की लाल, ह्यावर पुढे बांधकाम कसं करता येणार ते ठरतं. नदीतला गाळ काढा म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये गाव साखळी उपोषणाला बसलं होतं, आम्हीही आळीपाळीनं दुकान बंद करून गेलो. गाळ निघाला. किती निघाला ह्यावर पेठेत दोन तट आहेत आणि दोन्ही तटांना मी वह्या विकतो.


कुंटे चौकातली सून, पुणे

लक्ष्मी रोड. सासऱ्यांचं दुकान, भाड्याच्या जागेत, वाड्याच्या तळमजल्यावर. वाड्याला मालक पाच. त्यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत आणि एक अमेरिकेत असतात, ते कुणाशीच बोलत नाहीत.

दर्शनी तुळई वाळवीनं खाल्ली होती. दुरुस्ती कुणी करायची? १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा म्हणतो, मालकानं. त्यानं नोटीस मिळून पंधरा दिवसांत केली नाही तर भाडेकरूनं करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, फक्त एका वर्षात त्या वर्षीच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. वाचायला छान आहे. आमचं भाडं महिना नव्वद रुपये. वर्षाचे १,०८०. चौथा हिस्सा २७०. परांचीचा एक बांबू आणि सुंभ.

म्हणून आजूबाजूचे सगळे जे करतात तेच आम्ही पंधरा वर्षं केलं. कुजक्या तुळईवर फ्लेक्स लावला. फ्लेक्स फाटला की त्याच्यावर दुसरा.

फरक पडला तो पादचारी दिनामुळे. दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रोड गाड्यांना बंद ठेवतात, २०२१ पासून. त्या दिवशी मी दुकानातून बाहेर आले आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. एरवी तिथे उभं राहणं म्हणजे आत्महत्या. अठरा वर्षं त्या घरात असून मी आमचं दुकान समोरून कधी पाहिलंच नव्हतं. वरच्या मजल्याला कोरीव लाकडी घोडे आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. त्याखाली आमचा फ्लेक्स, एका कोपऱ्यातून सुटून फडफडणारा, हसऱ्या नवरीचा अर्धा चेहरा गेलेला. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

मग पाचांपैकी तिघांच्या सह्या मिळवल्या (ती वेगळी कादंबरी आहे) आणि खर्च आम्ही केला. फ्लेक्स काढले तर खालून एकावर एक तीन निघाले, आणि सर्वांत खाली पत्र्याची पाटी, आजेसासऱ्यांच्या काळची, पाच आकडी टेलिफोन नंबर असलेली. सासूबाई म्हणाल्या, लावून बघा, कोण उचलतं.

तुळई बदलली, घोड्यांना तेलपाणी केलं. एसीपी लावलं नाही. शेजारी म्हणतात दुकान जुनाट दिसतं. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून चालत येणारी माणसं वाढलीत आणि चालणारा माणूस वर बघतो. स्कूटरवाला कधी बघत नव्हता. विक्री वाढली का, असं विचाराल तर दिवाळीत वाढली. दिवाळीत सगळ्यांचीच वाढते.


चौथा हिस्सा, ठाणे

२७० रुपये वाचून चहा नाकात गेला. आमच्याकडे चौथा हिस्सा ३६ रुपये येतो. ते आम्ही मालकाला सोडून दिले.


शाई आणि शिरोरेषा, डोंबिवली

मी फ्लेक्स-डीटीपीवाला. दुकानांच्या तोंडांचं सगळ्यात मोठं रंगकाम मी पाहिलं ते कायद्यानं झालेलं. २०२२ च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. बरेच जण कोर्टाकडे डोळे लावून बसले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोन महिन्यांची मुदत दिली, २५ नोव्हेंबरपर्यंत. मधे दिवाळी होती. म्हणजे सगळे माझ्याकडे कधी आले असतील ते ओळखा.

एकानं सांगितलं, “मराठी इंग्रजीपेक्षा अर्धा इंच मोठं करा, पण दिसायला नको.” दुसऱ्याला ‘ब्यूटी’ दीर्घ हवा होता कारण ज्योतिष्यानं अक्षरसंख्या सांगितलेली, आणि दीर्घ केल्यानं अक्षर वाढतं अशी त्याची समजूत. ‘स्वीट्स’चे मी एका आठवड्यात चार प्रकार छापले. चारही गिऱ्हाइकांनी स्वतः लिहून आणलेले.

पण गंमत पुढे आहे. आमच्या गल्लीत एक म्हातारे पेंटर आहेत. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्याकडे गाड्यांच्या नंबरप्लेट आणि मंडळाचा फळा एवढंच राहिलं होतं. त्या गर्दीत माझं मशीन दोन दिवस बंद पडलं, तेव्हा मी दोन गिऱ्हाइकं त्यांच्याकडे पाठवली. दोन्हीकडे पत्र्यावर ऑइल पेंटनं लिहिलं. मी बघायला गेलो. दोन टोकांना दोन खिळे, खडूत घोळवलेला दोरा ताणला, चिमटीत धरून सोडला, टण्ण. पांढरी रेघ. आधी पूर्ण शिरोरेषा मारतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात, जसे कपडे वाळत घालावेत. ‘श’ची गाठ एका झटक्यात. मी संगणकावर ती गाठ चार वेगवेगळ्या फाँटमध्ये शोधलीय, कुठेच तशी नाही.

त्या दोन पाट्या बघून आणखी सात जण त्यांच्याकडे गेले. उन्हात फ्लेक्स दोन वर्षांत पांढरा पडतो, हे आता लोकांना कळलंय. मी धंद्याच्या विरोधात बोलतोय, माहीत आहे.


दोन गावं दोन पट्ट्या, बेळगाव

वरच्यांना माझा नमस्कार. आमचं एक दुकान बेळगावात खडेबाजाराच्या अंगाला, दुसरं भावाचं चंदगडला. नाव एकच, आजोबांचं. चंदगडला मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. बेळगावात २०२४ च्या कायद्यानं पाटीचा साठ टक्के भाग कन्नड पाहिजे. पेंटर दोन्हीकडं एकच. तो मोजपट्टी घेऊन हद्द ओलांडतो.


नळ बाजूला, गिरगाव

सगळे कौतुक करताहेत म्हणून दुसरी बाजू लिहितो.

आमच्या चाळीच्या जिन्याखाली घड्याळजी बसायचे. चार फूट बाय पाच फूट, उंची जिन्याच्या उताराची, म्हणजे आत बसताना डावीकडे मान वाकवूनच बसायचं. इतकी वर्षं तिथे बसून त्यांची मान बाहेर आल्यावरही डावीकडेच असे. डोळ्याला भिंग, पुढे काचेची पेटी, पेटीत मेलेली घड्याळं. माझ्या वडिलांचं एचएमटी त्यांनी पाच वेळा जिवंत केलं.

तळमजल्यावरचं मोठं दुकान एकानं घेतलं आणि अख्खा दर्शनी भाग नवा केला. खरंच देखणा केलाय. काळ्या चौकटीच्या काचा, पिवळा उजेड, आत कॉफी. पण त्या काचेच्या रेषेत जिना आणि जिन्याखालची पेटी बसत नव्हती. घड्याळजींकडे कागद कुठला असणार? पावत्या होत्या, त्याही ‘लादी भाडे’ अशा. थोडे पैसे मिळाले. भांडण झालं नाही, हे मला जास्त लागलं.

आता ते विरारला मुलाकडे असतात. गुरुवारी येतात, समोरच्या चणेवाल्याच्या स्टुलावर बसतात, जुनी गिऱ्हाइकं घड्याळं आणून देतात. ते ती रुमालात बांधून घेऊन जातात, पुढच्या गुरुवारी परत. कॉफीवाल्या पोरांनी एकदा त्यांना आत बोलावून कॉफी दिली. म्हणाले, “चांगली होती, पण खुर्ची फार उंच.”

पेठ सुधारली म्हणता तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तो जिना येतो. आता त्याखाली कुंडी आहे.


शटरवाला, सांगली

नळ बाजूला, तुमचं वाचून जेवण गेलं नाही. अशा जिन्याखालच्या पेट्या मी स्वतः काढल्यात. टपऱ्या, शिंप्याचे ओटे, चाव्या करणाऱ्यांची पत्र्याची खोकी. मालक सांगतो, “फ्रंट क्लिअर पाहिजे.” आम्ही क्लिअर करतो. मजुरी घेतो.

एक सांगतो, बचाव म्हणून नाही. मिरजेत एका मालकानं मला नकाशातच दोन फुटांची खाच सोडायला लावली, चांभारासाठी. डिझायनर पोरगी चिडली, तिची सिमेट्री गेली. मालक म्हणाला, “हा उठला तर माझ्या दुकानाचा पत्ता कसा सांगू लोकांना?” असे मालक बावीस वर्षांत मला दोन भेटले.


परदेशस्थ कोथरूडकर, कोलंबस, इंडियाना

कमिन्स ह्या इंजिनांच्या कंपनीमुळे पुण्यातली किती माणसं ह्या चिमुकल्या गावात आली असतील त्याला गणती नाही. मीही त्यातलीच. इथल्या मुख्य रस्त्याचं नाव वॉशिंग्टन स्ट्रीट. विटांची दोन-तीन मजली जुनी दुकानं, एका दमात चालून होणारा रस्ता. आल्या आल्या मला तो खेळण्यातला वाटला.

मग कळलं की तो मुद्दाम तसा राखलेला आहे. १९६० च्या दशकात ही दुकानंही काळवंडली होती, प्रत्येकानं आपापल्या मनानं पत्रे आणि निऑनच्या पाट्या ठोकलेल्या. कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर ह्यांना वास्तुकलेचं वेड होतं. त्यांच्या पुढाकारानं अलेक्झांडर जिरार्ड ह्या डिझायनरला बोलावलं. त्यानं काही पाडलं नाही. अख्ख्या रस्त्याची दुकानं एकत्र धरून रंगांची आखणी करून दिली, शेजारच्याला शोभेल असा रंग ह्याला, पाट्या आटोपशीर. ह्याच जिरार्डनं १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं भारतीय वस्त्रांचं प्रदर्शन मांडलं होतं. त्याला ते रंग आपल्याकडच्या साड्यांच्या गठ्ठ्यात सुचले असतील, असं मी पाहुण्यांना ठोकून सांगते. पुरावा शून्य.

पण रंगानं गिऱ्हाईक टिकत नाही, हेही ह्याच रस्त्यानं दाखवलं. १९७३ मध्ये इथे सेझार पेली ह्या बड्या वास्तुविशारदाचा मॉल गावाच्या मधोमध उभा राहिला. पुढे मॉल मंदावला, पाडला, आणि २०११ मध्ये त्या जागी ‘कॉमन्स’ नव्यानं बांधलं, मुलांना खेळायला मोठी जागा, सभागृह. हिवाळ्यात उणे दहा तापमानात माझी दोन्ही पोरं तिथेच वाढली.

आणि झहाराकोस. १९०० सालचं आइस्क्रीम पार्लर. २००६ मध्ये बंद पडलं. गावातल्याच एकानं ते विकत घेऊन जुन्यासारखं करून घेतलं आणि २००९ मध्ये उघडलं. आत संगमरवरी सोडा फाउंटन आणि एक प्रचंड यांत्रिक ऑर्गन आहे, तो आपोआप वाजतो. सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा त्यांना नेलं. ऑर्गन सुरू झाला, त्या दचकल्या आणि म्हणाल्या, “मस्तानी नाही का मिळत?”


कमानीखालून, फोर्ट

परदेशस्थ ताई, एका रस्त्याची दुकानं एकत्र धरायचं काम आपल्याकडेही झालंय. दादाभाई नौरोजी रोड, बोरीबंदर ते हुतात्मा चौक. तिथल्या इमारतींना खाली सलग कमानींची ओसरी आहे, पावसाळ्यात छत्री न उघडता चालता येतं. नव्वदीत ह्या कमानी पाट्यांनी पार बुजल्या होत्या. वास्तुविशारद आभा नारायण लांबा ह्यांनी दुकानांच्या पाट्यांसाठी नियमावली केली. पाटी कमानीच्या आत बसवायची, कमानीचा दगड झाकायचा नाही. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्या कामाची दखल घेतली गेली.

मी त्याच रस्त्यावर तीस वर्षं नोकरी केली. कमानीचा माथ्यावरचा दगड मला पहिल्यांदा दिसला तो पाटी खाली उतरल्यावर. त्याच्यावर कोरलेलं तोंड होतं. इतकी वर्षं मी त्याच्या हनुवटीखालून डबा घेऊन जात होतो.


बर्डीवाला, नागपूर

आमच्या सीताबर्डीच्या मेन रोडवर दुकानाचं तोंड दिसतच नाही ना भाऊ! समोर ठेले, ठेल्यासमोर गाड्या, गाड्यांच्या मधून माणसं. मग नवा रंग लावून दाखवता कोणाले? आमच्या मुंजे चौकाकडच्या एका दुकानदारानं डोकं चालवलं. मेट्रोच्या जंक्शनचं मोठं स्टेशन जवळ आलं तर त्यानं खालचं तसंच ठेवलं अन् वरच्या माळ्याले पूर्ण काच लावली. लोकं वरून पाहतात, खाली उतरतात, अन् मंग अर्धा तास दुकानाचा जिना शोधतात.


अठरा जून रस्ता, पणजी

आमच्याकडे मुख्य रस्ता १८ जून. १९४६ मधल्या त्या तारखेला मडगावात लोहियांनी सभा घेतली, त्यावरून नाव. मधली दोन-तीन वर्षं शहरभर गटारं आणि रस्ते खणले गेले. धूळ इतकी की आमच्या दुकानात पांढरा शर्ट दुपारनंतर क्रीम रंगाचा म्हणून विकावा लागे. रस्ता झाला एकदाचा. लगेच सगळ्यांनी रंग काढले, कारण धुळीनं जुना रंग कुठला ते ओळखूच येईना. माझ्या शेजाऱ्याला वाटतं, त्यानं आपला जुनाच निळा लावला. जुना हिरवा होता. मी काही बोललो नाही, चवथ झाली की सांगेन.


वरचा रस्ता, सातारा

शटरवाले दादा, तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं. पाण्याची नवी लाइन नाही. मीटर साधाच आहे. फळ्यांसाठी काल सुतार बाहेर चहा प्यायला आला तेव्हा पेपरच्या फटीतून डोकावले. फळ्या वीतभरसुद्धा खोल नाहीत, चार बोटं असतील. सगळ्यांच्या पाठीला आरसा, आणि प्रत्येक फळीखाली बारीक दिव्यांची पट्टी. आत एक छोटी अंधारी खोली पण केलीय.


शटरवाला, सांगली

पाणी नाही म्हणजे खाणं नाही. थ्री फेज नाही म्हणजे आइस्क्रीम नाही. चार बोटं खोलीच्या फळीवर मोबाइलची खोकी राहत नाहीत, औषधाची पण नाहीत. पाठीला आरसा आणि अंधारी खोली. काकू, पैज हरलात. चष्मे. अंधाऱ्या खोलीत डोळे तपासणार.


वरचा रस्ता, सातारा

आज पेपर काढले. चष्म्यांचंच दुकान आहे.

आत गेले होते. मालक पंचविशीतला मुलगा, पुण्यात कुठल्याशा मॉलमधली नोकरी सोडून आलाय. विचारलं, इथंच का? म्हणाला, “मॉलमध्ये लोक फ्रेम लावून बघतात, फोटो काढतात आणि मोबाइलवरून मागवतात. इथं काडी तुटली की माणूस तसाच धावत येतो.” पाटी अजून लागलेली नाही. पेंटर येणार आहे, ब्रशवाला. मी डोंबिवलीकरांचं वाचून दाखवलं.

दाराबाहेर पायरीला लागून एक पत्र्याचा डबा ठेवलेला दिसला. शेजारी छत्र्या दुरुस्त करणारे आजोबा बसतात, त्यांचा. मुलाला विचारलं, हे राहणार का? तो म्हणाला, “पायरी त्यांच्यासाठी सहा इंच आत घेतलीय. मिस्त्री वैतागला होता.” नळ बाजूला, हे तुमच्यासाठी लिहिलं.

पेढे सांगलीला कसे पाठवायचे ते दादांनी कळवावं. कुरिअरनं वास जातो.


शटरवाला, सांगली

कुरिअर नको. पुढच्या आठवड्यात साताऱ्यात येतोय, वरच्या रस्त्याला एक शटर बसवायचंय. तुमच्या अकरांतलं नाही. बारावं.